वेणीफणीची भाषा आणि शृंगाराचे शिक्षण : दासगाव-महाडच्या संदर्भात एक टिपण

सावित्रीच्या खाडीवरील दासगाव बंदर महाडपासून सुमारे पाच मैलांवर आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून येथे उतरले आणि येथूनच महाडच्या सत्याग्रह परिषदेस गेले. मनुस्मृतीच्या दहनामुळे ही परिषद सर्वांस ठाऊक आहे. तिच्या अखेरीस स्त्रियांपुढे वेषभूषेविषयी जे भाषण झाले, त्याचा नववधूच्या शृंगाराच्या इतिहासाशी काय संबंध पोहोचतो, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम शब्दांकडे वळावे लागेल.

मराठीतील केशरचनेचे शब्द बहुतांशी घरातील व रानातील वस्तूंशी नाते सांगतात. ‘खोपा’ म्हणजे पक्ष्याचे घरटे, आणि मानेवर गोलाकार बसविलेली केसांची रचनाही खोपाच. ‘अंबाडा’ या नावाचे एक आंबट फळ कोकणात सर्वपरिचित आहे. ‘पेड’ हा शब्द दोर वळणाऱ्याचा तसाच वेणी घालणारीचाही. तिपेडी वेणीत कडेचा पेड आळीपाळीने मधल्या पेडावरून जातो. चौपेडी व पाचपेडी वेणीत हाच क्रम अधिक गुंतागुंतीचा होतो. केस अपुरे पडल्यास त्यांत ‘गंगावन’ मिसळावयाचे. ‘वेणी’ म्हणजे गुंफलेले केस, आणि त्यांवर माळावयाची फुलांची गुंफणही वेणीच.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. केस विंचरावयाचे, भांग पाडावयाचा, वेणी घालावयाची, गजरा माळावयाचा, कुंकू लावावयाचे, मळवट भरावयाचा आणि बाशिंग बांधावयाचे. प्रत्येक कृतीस तिचे स्वतःचे क्रियापद आहे व त्यात हाताची हालचाल दडलेली आहे. भांग ‘घालता’ येत नाही, वेणी ‘पाडता’ येत नाही. हे व्याकरण कोणी पुस्तकातून शिकविले नाही. आई, आजी, आत्या यांच्या पुढ्यात बसून मुलगी वेणी घालून घेई. पुढे धाकट्या बहिणीची घालू लागे. नवरीला सजविण्याचे काम घरच्या व शेजारच्या सुवासिनींकडे असे.

मात्र विद्या घरात राहिली की ती घराच्या सीमाही पाळते. लुगड्याचा काठ कोठवर यावा, गळ्यात कोणत्या धातूचे दागिने असावेत, केसांत फूल असावे की नाही, यांवरून स्त्रीची जात व तिचे सौभाग्य दुरून ओळखता येई. ब्राह्मण विधवेस केशवपनाची सक्ती होती. तिच्यापुरता वेणीफणीचा सर्व शब्दसंग्रहच रद्द होई. याउलट, गंधर्व नाटक मंडळी (स्थापना १९१३) रंगभूमीवर आल्यानंतर बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांतील केशरचनेचे व लुगडे नेसण्याचे अनुकरण पांढरपेशा घरांतील स्त्रिया हौसेने करू लागल्या. पुरुष नटाने घेतलेला वेष कौतुकाचा विषय झाला. अस्पृश्य मानलेल्या स्त्रीने तोच घेणे हे मात्र पायरी सोडणे ठरले असते.

महाडच्या भाषणाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे हलक्या धातूचे दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले. त्या उपदेशाचा परिणाम तेथेच दिसून आला. स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली आणि चित्रे व टिपणीस या कुटुंबांतील स्त्रियांनी त्यांस ती शिकविली. भाषणातील भर वस्त्र व दागिने यांवर होता, केसांवर नव्हता, हे खरे. परंतु जे ज्ञान एका जातीच्या माजघरात होते, ते दुसऱ्या जातीच्या स्त्रियांना उघडपणे शिकविले गेले, ही गोष्ट शृंगारशिक्षणाच्या इतिहासात मूलगामी मानावी लागेल.

आजचे शिक्षण याच दिशेने पुढे गेलेले आहे. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण योजनेत सौंदर्यप्रसाधनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; खासगी वर्गही गावोगावी चालतात. वधूची केशरचना व रंगभूषा हा आता अर्थार्जनाचा व्यवसाय झाला असून, जात वा वैधव्य यांमुळे कोणाही स्त्रीस प्रवेश नाकारला जात नाही. तंत्रही वाढले आहे. ‘फ्रेंच’ वेणीत प्रत्येक आडव्यागणिक टाळूवरचे नवे केस पेडात घेतले जातात. ‘डच’ वेणीत पेड वरून न नेता खालून नेल्यामुळे वेणी उठून दिसते. ‘फिशटेल’ वेणीत केसांचे दोनच भाग करून कडेच्या बारीक बटा आळीपाळीने पलीकडे नेतात.

तथापि भाषेत एक बदल घडला आहे. नव्या शब्दांना बहुधा ‘करणे’ हे एकच क्रियापद जोडले जाते : मेकअप करणे, हेअरस्टाईल करणे, आयब्रो करणे. परकी नामे सामावून घेण्याची ही मराठीची जुनी रीत आहे व तीत दोष नाही. परंतु माळणे, रेखणे, भरणे, गुंफणे यांतील बारकावा त्यात विरून जातो.

म्हणून अभ्यासक्रमांच्या मराठी पुस्तकांत परकी संज्ञांबरोबर पेड, खोपा, अंबाडा हे शब्द त्यांच्या क्रियापदांसह यावेत, आणि महाड-पोलादपूर भागातील वृद्ध स्त्रियांकडून जातीजातींतील भेदांसह ते टिपून घ्यावेत. हे करताना जुन्या शब्दांच्या मायेपोटी जुन्या बंधनांचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. ते शब्द ज्या माजघरात नांदले, त्याचे दार बहुतेकींना बंद होते. शब्द जपावयाचे ते सर्वांसाठी उघडलेल्या वर्गात वापरण्याकरिता. असे झाले, तरच महाडला सुरू झालेले ते शिक्षण भाषेच्या बाजूनेही पुरे होईल.