वाटेला भिंत नसते

आषाढी वारीत वरवंडचा मुक्काम हलला की तुकोबांची पालखी पाटसला येते आणि पुढे रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याचीकडे जाते. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा हे पाहिलं. त्या सकाळी आमच्या घरचा माठ वडाखाली असायचा.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी हा पालखी सोहळा १६८५ साली सुरू केला. देहूतून निघाल्यावर पालखीचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तिथे अभंग-आरती होते, मग पुढची वाट. भाषणांत हे सलोख्याचं उदाहरण म्हणून येतं. पण सलोखा टिकला तो दरवर्षी पायी तिथे थांबल्यामुळे. चालणं थांबलं तर दर्गा उरेल, नातं उरणार नाही.

मग जपायचं काय? मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच झाला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने विकास आराखड्याच्या विषयांत ऐतिहासिक आणि निसर्गरम्य स्थळांचं जतनही धरलं. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली. म्हणजे विकास आणि जतन एकाच नकाशावर बसवायचे, हे कायद्याला मान्य आहे. अडचण अशी, की यादीत सहज जाते ती इमारत. वाटेला भिंत नसते.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. तुकोबांचा मार्ग पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत, सुमारे १३० किलोमीटर. त्याच्या कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ धरलेला आहे. दिंडीत वाहन घुसल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. म्हणून रुंद रस्त्याला सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. महामार्गाच्या आराखड्यात चालणाऱ्या माणसाला जागा मिळाली, हे मोलाचंच.

पण वारीची वाट म्हणजे नुसता पदपथ नव्हे. सावली, पाणी, राहुटी ठोकायला मोकळं रान, हे सगळं मिळून वाट होते. आमचा वड रुंदीकरणात गेला. त्याच्या बदल्यात रोपं लावली की कागदावरचा हिशेब पुरा होतो. सावलीला मात्र एक पिढी जावी लागते. झाडं मोजायची तर रस्त्याची आखणी पक्की होण्याआधी. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या सुमारे चारशे वर्षांच्या वडासाठी २०२० साली महामार्गाची आखणी बदलली. म्हणजे रेघ सरकते. वेळेत कुणीतरी बोलावं लागतं.

इथे मला आपल्या लोकांनाही काही सांगायचं आहे. आपण जागे होतो ते मशीद किंवा कब्रस्तानाच्या सातबाऱ्यापुरते. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गावची विहीर, ओढा, गायरान, पारावरचा वड यांसाठी आपल्यापैकी कितीजण अर्ज देतात?

यंदा मी माठ नव्या पदपथावर ठेवला. पाणी पिऊन एका माउलीने विचारलं, "बाबा, इथं वड होता ना?"

मी हो म्हणालो. माउली उन्हातच टेकल्या.