सैरंध्री : बंदीतल्या नाटकाचा मूकपट

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे पहिले चित्र ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात झळकले. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. आधार होता कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकाचा. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन, द्रौपदीच्या जागी हिंदभूमी, धर्मराजाच्या जागी मवाळ आणि भीमाच्या जागी जहाल पाहिले. सरकारलाही तेच दिसले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

बाबूराव मूळचे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी कॅमेरा घरीच बनवला. भांडवल गायिका तानीबाई कागलकरांनी पुरवले. ‘सैरंध्री’चे चित्रण त्या देशी कॅमेऱ्यावर झाले. स्त्रीभूमिकांसाठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या.

नाटकाची धार संवादांत होती. अपमान गिळून अज्ञातवास पाळावा की उठून सूड घ्यावा, हा वाद रंगमंचावर तोंडाने चाले. मूकपटात उरल्या त्या पाट्या, अभिनय आणि भीमाने नृत्यशाळेत केलेला कीचकाचा वध. तालमींच्या कोल्हापुराला ही झुंज परकी नव्हती. पण ती इतकी हुबेहूब उतरली, की पाहताना बायका घेरी येऊन पडल्याचे सांगतात. अखेर ते दृश्य सरकारी आक्षेपामुळे कापावे लागले. नाटकातले बोल अडले होते, चित्रपटातला घाव अडला. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळकांचे निधन झाले.

आज ‘सैरंध्री’ची एकही प्रत उपलब्ध नाही. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, आणि नुसती ठेवली तरी कुजत जाई. शिवाय बोलपट आल्यावर जुन्या मूकपटांना बाजारात किंमत राहिली नाही. बाबूरावांच्या मूकपटांपैकी थोडे तुकडेच हाती आहेत.

कथा मात्र त्यांच्या शिष्यांनी सोडली नाही. त्यांच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात काढली आणि व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये याच कथेवर ‘सैरंध्री’ नावाचा रंगीत बोलपट केला. छपाई जर्मनीत करून आणली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.