अवशेषावरून उगमाकडे

विज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी सिद्धांतांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जे टिकले नाहीत, त्यांची रवानगी तळटीपेत होते. साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत अपुरी वाटावी. एखाद्या वाङ्मयप्रकाराची वाट पुष्कळदा विस्मरणात गेलेल्या आरंभीच्या कृतींनीच घालून दिलेली असते. विश्वाच्या आरंभी कृष्णद्रव्य कसे निर्माण झाले असावे, या प्रश्नाचा इतिहासही असाच आहे. त्यातील एक महत्त्वाचे पान नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या एका शास्त्रज्ञाचे आहे.

1933 साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या गतींचा अभ्यास केला. त्या गती इतक्या मोठ्या होत्या, की दृश्य ताऱ्यांचे गुरुत्व समूहाला एकत्र धरून ठेवण्यास पुरे पडत नव्हते. 1970 नंतर व्हेरा रुबिन आदींच्या निरीक्षणांनी दीर्घिकांच्या अंतरंगातही तीच उणीव दाखवली. न दिसणारे काहीतरी आहे, हे यातून सूचित झाले. ते आले कोठून, हा प्रश्न मात्र वेगळाच होता.

या प्रश्नाला रामनाथ कौशिक आणि जे. मॅक्लेलंड यांनी 1972 व 1973 मधील दोन निबंधांत नवे वळण दिले. महास्फोटानंतर सुमारे एका सेकंदापर्यंत न्यूट्रिनो इतर कणांशी सतत आदळत होते. प्रसरणामुळे विश्व विरळ होताच हा संबंध तुटला आणि न्यूट्रिनो कायमचे मोकळे झाले. आजही अवकाशाच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये असे सुमारे तीनशे न्यूट्रिनो असावेत, असे गणित सांगते. त्यांना यत्किंचितही वस्तुमान असेल, तर त्यांचे एकत्रित गुरुत्व विश्वाच्या प्रसरणावर परिणाम करील. म्हणून कौशिक-मॅक्लेलंड यांनी प्रसरणावरूनच त्या वस्तुमानाची कमाल मर्यादा ठरवली. असा तर्क 1966 साली सोव्हिएत संघात गेर्श्टाइन आणि झेल्दोविच यांनीही मांडला होता. कौशिक-मॅक्लेलंड यांनी 1973 मध्ये पुढचे पाऊल टाकले: कोमा समूहातील उणीव हेच न्यूट्रिनो भरून काढत असतील. अदृश्य द्रव्य म्हणजे विझलेले तारे किंवा धूळ नव्हे, तर आरंभकाळाचा अवशेष होय, हा विचार येथे स्पष्टपणे उभा राहिला.

हा उमेदवार टिकला नाही. हलके न्यूट्रिनो आरंभी अतिवेगवान असल्याने द्रव्याचे लहान पुंजके पुसून टाकतात. मग प्रथम प्रचंड रचना आणि फार उशिरा दीर्घिका, असा क्रम येतो. 1983 मध्ये व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांनी संगणकावर घडवलेले न्यूट्रिनोप्रधान विश्व प्रत्यक्ष विश्वाशी जुळले नाही. 1998 साली जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने न्यूट्रिनोंना वस्तुमान असल्याचे दाखवले. पण ते फारच अल्प निघाले.

तरीही विचाराची घडण टिकून राहिली. ली आणि वाइनबर्ग यांनी 1977 मध्ये हाच हिशोब जड कणांना लावला. असे कण संथ असल्याने दीर्घिकांची घडण समजावून घेणे सुकर झाले. पुढे ॲक्सिऑन आणि आदिम कृष्णविवरे हे पर्यायही विचारात आले. त्यांची जन्मकथा निराळी आहे. परंतु आज उरलेल्या राशीवरून आरंभाची परीक्षा करण्याची कसोटी त्यांनाही चुकत नाही. विश्वाच्या ऊर्जेचा सुमारे 27 टक्के भाग कृष्णद्रव्याचा आणि केवळ 5 टक्के भाग सामान्य द्रव्याचा आहे. ते कशाचे बनले आहे, हे मात्र अजून कोणत्याही प्रयोगाने सिद्ध केलेले नाही.

पाठचिकित्सकाला ही रीत अनोळखी नाही. ज्ञानेश्वरीचा मूळ हस्तलेख आपल्यापाशी नाही. हाती असलेल्या पोथ्यांतील पाठभेदांवरून मूळ पाठाचा अंदाज बांधावा लागतो. एखादा पाठ पुढे अग्राह्य ठरला, तरी तो सुचवताना वापरलेली तर्काची शिस्त वाया जात नाही. कौशिक यांच्या न्यूट्रिनोंचे मोलही असेच करावे लागेल. उत्तर बदलले, अवशेषाला त्याचा उगम विचारण्याची रीत आजही चालू आहे.