पत्र्याच्या ट्रंकेतले गाणे

गेल्या वर्षी मखराचे सामान काढायला माळ्यावर चढलो तेव्हा कोपऱ्यात एक पत्र्याची ट्रंक दिसली. झाकणावर पांढऱ्या रंगात 'लाइटिंग' असे लिहिलेले. दिव्यांच्या जुन्या माळा असतील म्हणून इतकी वर्षे तिला कोणी हात लावला नव्हता. उघडली तर आत ९ स्पूल आणि ३४ कॅसेट्स! आपल्या उत्सवात झालेल्या गाण्यांच्या. वेष्टनांवर कोणाच्या तरी सुबक अक्षरात 'गणपती, दिवस तिसरा', 'बुवांचे गायन (उत्तम)' आणि एकीवर नुसतेच 'पुसू नये'. कोणते बुवा, कोणते साल, तबल्याला कोण, याचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याला त्या वेळी ते सांगायची गरज वाटली नसावी. सगळे समोरच तर बसले होते.

त्यांतल्या तीन कॅसेट्स मी उत्साहाने एका दुकानात संगणकावर उतरवून घ्यायला दिल्या. चार दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. आवाज खरोखर स्वच्छ होता. एका कॅसेटवर मारुबिहाग असा काही लागला होता की मी दोनदा ऐकला. पण गाणे एकदम तानपुऱ्यावर सुरू होत होते आणि टाळ्यांच्या आधीच संपत होते. विचारले तर दुकानातला मुलगा म्हणाला, "काकाबाबू, पुढे-मागे नुसते बोलणे होते, ते कापून टाकले." म्हणजे निवेदन गेले. गायकाचे नाव त्यातच होते! मूळ कॅसेट मागितली, तर 'आता सगळे यात आहे ना' म्हणून त्याने तिन्ही टाकून दिलेल्या. त्याला काय बोलणार? 'काही कापू नकोस' हे सांगायचे मलाच सुचले नव्हते.

त्या दिवसापासून मला गौहरजानची फार आठवण येते. आपण ज्या शहरात राहतो त्याचा आणि भारतीय गाण्याच्या तबकडीचा संबंध किती जवळचा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात उतरला. तात्पुरत्या उभारलेल्या खोलीत भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर काढलेला. मायक्रोफोन नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या आवाजाने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. वेळ मिळे जेमतेम तीन मिनिटे. तासभर राग मांडणाऱ्या कलावंताला तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना बसवायला सांगणे म्हणजे वाटीत विहीर भरणे होते. गौहरजानने ते साधले आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगितले. आज ऐकताना ती ऐट वाटते. ऐटही असेल, पण त्यामागे एक साधे कारण सांगितले जाते. मेणाच्या तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे त्यांच्यावरून विक्रीच्या प्रती निघत. तिथल्या कामगाराला ना भाषा कळे, ना राग. ही तबकडी कोणाची, हे कळायला गाण्यातच नाव असलेले बरे. १२० वर्षांनंतर आपल्याला तो आवाज निर्विवाद ओळखता येतो, याचे थोडे श्रेय त्या कामगाराच्या अडचणीला आहे. माझ्या दुकानदाराने कापले ते नेमके तेच.

पुढे १९०८ साली कंपनीने इथे सियालदहला कारखाना काढला आणि हॅनोव्हरची वारी संपली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस दमदमचा मोठा कारखाना आला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या घरांत चावीच्या फोनोवर बालगंधर्वांच्या ज्या कुत्राछाप तबकड्या वाजत, त्यांतल्या कितीतरी याच शहरात छापलेल्या असत! आमच्या नानांनी बदली होऊन इकडे येताना गावाहून अशा बावीस तबकड्या गोधडीत गुंडाळून आणल्या होत्या. तबकड्या आपल्या माहेरीच परत आल्या, असे ते म्हणत. शिवाय त्या ज्या लाखेच्या, ती लाखही इथलीच. छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात ती कलकत्त्याच्या बंदरातून जगभर जाई, आणि दगडाची भुकटी व काजळी मिसळून तिच्या तबकड्या होत. (जाता जाता एक सूचना: लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जुनी तबकडी चकचकीत करायला कोणी स्पिरिटचा बोळा फिरवला तर गाणेच पुसले जाईल. नानांची एक तबकडी आमच्या घरात अशीच गेली. बोळा माझ्या हातात होता.)

ज्यांचे काहीच राहिले नाही त्यांची यादी मात्र मन खिन्न करते. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, गायस्बर्ग यायच्या एक वर्ष आधी. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत. तरी त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. बुवांनी १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या आणि त्या बालगंधर्वांच्या तबकड्यांतून आपल्याला मिळतात. गुरू ऐकायचा तो शिष्याच्या गळ्यातून.

आणि जे राहिले ते तरी कशामुळे? केसरबाई केरकरांची गोष्ट बघा. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेला याच कलकत्त्यात 'सूरश्री' म्हणून गौरवले गेले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे संगीत पाठवायचे ठरवले तेव्हा त्यांच्या भैरवीची निवड झाली. पण ती ध्वनिमुद्रिका मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात ती सापडली. व्हॉयेजर-१ निघाले त्याच महिन्यात केसरबाई वारल्या. २०१२ साली ते यान आंतरतारकीय अवकाशात गेले आणि साडेतीन मिनिटांची ती भैरवी घेऊन अजून पुढे चालले आहे. ते खोके कोणी रद्दीत दिले असते तर?

टेबलाखालच्या खोक्यावर विसंबायला नको म्हणून संग्रहालये असतात. आपल्याकडे टॉलीगंजला संगीत रिसर्च अकादमी आहे. जादवपूर विद्यापीठाने खासगी संग्राहकांकडच्या तबकड्या आणि फिती डिजिटल करून घेतल्या आहेत. मुंबईत इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची सोसायटी १९९० पासून तबकड्यांच्या याद्या करीत आली आहे, आणि हे वाटते तितके रुक्ष काम नाही. जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नसत. वेग सहा टक्के चुकला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, पांढरी एकची काळी एक होते. गायक कोणत्या पट्टीत गात असे हे कोणीतरी लिहून ठेवलेले असेल तरच तबकडी खऱ्या वेगात लावता येते. कागदावाचून आवाजही खोटा होतो.

तेव्हा आता ट्रंकेचे काय? बुरशी धरलेल्या फिती आम्ही वाजवलेल्या नाहीत. तशा वाजवल्या तर फीतही जाते आणि यंत्रही. बाकीच्या एका जाणत्या माणसाकडून उतरवून घेत आहोत: खोकला, घोषणा, प्रसादाच्या रांगेची सूचना, सगळ्यासकट. स्वच्छ केलेली प्रत वेगळी, मूळ जशीच्या तशी, आणि दोन वेगळ्या घरांत.

मारुबिहागचा शोध चालू आहे. गाण्यामागे सतत एक धडधड ऐकू येते. ती जनरेटरची असावी, असे आमच्या एका ज्येष्ठ सभासद काकूंनी सांगितले. म्हणजे लोडशेडिंगची वर्षे, सत्तरीचे दशक सरताना किंवा ऐंशीच्या सुरुवातीला. मग मला जुन्या स्मरणिका आठवल्या. कार्यक्रमपत्रिका छापत होतो ना आपण! मंडळाच्या कपाटात १९७४ ते १९८३ च्या एकही नाही. बेहालाच्या एका कुटुंबाने १९७९ ची आणून दिली, मिठाईच्या जाहिरातीखाली तिसऱ्या दिवसाचे शास्त्रीय गायन आहे, गायकाचे नाव आहे. पण १९८१ लाही तिसऱ्या दिवशी गाणे होते, असे दोघे जण शपथेवर सांगतात, आणि ते गायक वेगळे होते.

म्हणून विनंती. त्या दहा वर्षांतली स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, मागे काही लिहिलेला फोटो, जे असेल ते घेऊन या. फोटो काढून लगेच परत देऊ. यंदा तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर ते मारुबिहाग सभागृहात लावणार आहोत. १९८५ च्या आधीपासून उत्सवाला येणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावे. त्यानंतर 'पुसू नये' लिहिलेली कॅसेट लावू. ती मीही अजून ऐकलेली नाही.