दुखण्याभोवतीचं आयुष्य : प्रस्तावना

कंबरदुखीचा जुना पेशंट ओपीडीत येतो तेव्हा त्याच्या हातात एक कापडी पिशवी असते. तीत एक्स-रे, एमआरआय, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि मधल्या काळात गाठलेल्या हाडवैद्याचं तेल. सगळं पाहून झाल्यावर डॉक्टर सुचवतात, ‘एकदा मानसशास्त्रज्ञांनाही भेटून घ्या.’ त्यावर कोल्हापुरात मिळणारं उत्तर ठरलेलं आहे : ‘म्हंजी म्या सोंग करतोय म्हंतासा व्हय, डाक्टर?’ या भागात मनाचा इलाज म्हटला की लोकांना रत्नागिरी आठवते. तिथलं मनोरुग्णालय 1886 पासूनचं आहे, आणि ‘याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे’ ही थट्टाही तितकीच मुरलेली. तेव्हा पेशंटचा राग समजण्यासारखा आहे, आणि या विषयाची सुरुवात त्याच्याच प्रश्नाला उत्तर देऊन व्हायला हवी. उत्तर सरळ आहे : नाही. दुखणं खरं आहे. मानसोपचार त्या दुखण्याला खोटं ठरवायला येत नाही.

मग येतो कशाला? 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी एक सिद्धांत मांडला. इजेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. मज्जारज्जूत त्याला वाट मिळते किंवा अडवलं जातं, आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही त्यात हात असतो, असं त्यांचं म्हणणं. तपशील पुढे बरेच बदलले, पण मूळ कल्पना टिकली. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती रंगात असताना बोट निखळलेलं पैलवानाला कळत नाही आणि आखाड्याबाहेर आल्यावर तो कळवळतो, हे इथे वेगळं सांगायला नको. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 मध्येच वेदनेच्या व्याख्येत शरीराच्या जाणिवेबरोबर भावनेलाही जागा दिली आणि 2020 मध्ये व्याख्या सुधारताना ती कायम ठेवली. तीन महिन्यांच्या पुढे टिकणाऱ्या दुखण्याला दीर्घकालीन म्हणतात. अशा दुखण्यात पुष्कळदा मूळ जखम भरलेली असते, पण मज्जासंस्था सावधच राहते आणि जरा वाकलं तरी धोक्याचा इशारा देते.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. समजा, शिरोलीच्या फौंड्रीतला चाळिशीचा कामगार. साचे उचलताना कंबरेत उसण भरली, त्याला दोन वर्षं झाली. ‘वाकलो की मणका सरकणार’ ही भीती पक्की बसली आहे, म्हणून तो वाकत नाही. वाकत नाही म्हणून स्नायू आखडतात, आणि आखडलेले स्नायू आणखी दुखतात. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. बायको प्रेमाने म्हणते, ‘तुम्ही हलू नका, मी बघते.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी 1976 च्या आपल्या पुस्तकात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. कण्हलं की सगळे धावतात आणि उठून चाललं की कुणाचं लक्ष नसतं, असं घरात होऊ लागलं, तर माणूस नकळत दुखण्याला बांधला जातो. यात लबाडी कुणाचीच नसते, ना त्याची ना घरच्यांची.

पहिल्या काही भेटींत हा कामगार वहीत साध्या नोंदी करतो : किती वाजता दुखलं, तेव्हा काय चाललं होतं, मनात काय आलं. आठवड्याने वही उघडली की दिसतं, पगाराच्या आधीच्या चार दिवसांत दुखणं चढतं. आणखी एक दिसतं : बरं वाटलेल्या दिवशी त्याने साठलेली सगळी कामं उरकली आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढले. मग चालण्याचं माप ठरतं. दुखेपर्यंत चालायचं नाही, ठरल्याइतकंच चालायचं. आज दहा मिनिटं तर दहाच, अंगात जोर वाटला तरी अकरावं नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराच्या जोर-बैठका मोजून वाढवतो आणि हौसेने जास्त मारू देत नाही, तसंच हे. त्याच्या जोडीला ‘आता सगळं संपलं’ या वाक्याची उलटतपासणी होते. काय संपलं? साचे उचलणं संपलं असेल. पोरीला शाळेत सोडणं संपलं का?

याचा उपयोग किती होतो, हे प्रस्तावनेतच सांगितलेलं बरं. कॉक्रेनच्या 2020 च्या आढाव्यात 75 चाचण्या आणि नऊ हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात अशा, म्हणजे विचार-वर्तन उपचारपद्धतीने वेदना, अडचण आणि मनस्ताप यांत फरक पडलेला दिसला, पण तो थोडा. माझ्या मते हा थोडा फरकही मोलाचा आहे, कारण ही माणसं बहुतेक इतर उपाय थकल्यावर आलेली असतात. तीन भेटींत दुखणं घालवतो म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात लांबच राहावं. आणि पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप किंवा वजनातली घट सोबत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. वही नंतर.

दुखणं नसलेले दीर्घ आजारही याच क्षेत्रात येतात. मधुमेहींमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते, आणि नैराश्यात पथ्य, गोळ्या, इन्सुलिन हेच आधी सुटतं. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक आल्बर्ट एलिस यांना स्वतःला लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने रुग्णालयात राहावं लागलं आणि पुढे मधुमेहाने जन्मभर सोबत केली. ‘हे मला व्हायलाच नको होतं’ या हट्टाशी त्यांची लढाई पुस्तकी नव्हती. कि. मो. फडके यांनी ही पद्धत मराठीत आणली, म्हणून आपल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही.

कोल्हापूरकरांना याहून जवळचं नाव नसीमा हुरजूक यांचं. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि जगणं नकोसं झालं. त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. बाबूकाकांचेही पाय गेलेले होते, तरी ते व्यवसाय करत होते, गाडी चालवत होते. पाय परत येतील असं काही त्यांनी सांगितलं नाही. नसीमादीदींनी पुढे अबकारी खात्यात नोकरी केली, 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं. याला मानसोपचार म्हणता येणार नाही. पण त्याच वाटेवर पुढे गेलेल्या माणसाची भेट कामाला येते, ही गोष्ट आता या क्षेत्रानेही मान्य केली आहे. अभ्यासकांनी ते पुस्तक पाठ्यपुस्तकाच्या शेजारी ठेवावं.

ध्यानाबद्दल थोडंसं. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने बेजार होऊन ब्रह्मदेशात ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा नुसत्या डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात ध्यानाचा वर्ग सुरू केला, तो मात्र जुन्या दुखण्याच्या रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून. ऊ बा खिन आणि कबात-झिन या दोघांचं म्हणणं वाचण्यासारखं आहे. मला स्वतःला ऊ बा खिन यांची अट जास्त पटते, कारण दुखणं जावं म्हणून ध्यानाला बसलेला माणूस दर पाच मिनिटांनी ते गेलं का हेच तपासत बसतो.

राहिला प्रश्न हे करणार कोण. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात रोज येणाऱ्या गर्दीला पुरतील इतके मानसशास्त्रज्ञ कुठून आणायचे? शेजारच्या गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत वेगळी वाट धरली. गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सहा ते आठ बैठकांचा उपचार करवला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं. तो उपचार नैराश्यासाठी होता, जुन्या दुखण्यासाठी नव्हे. पण शाहूवाडीची आशाताई किंवा इचलकरंजीच्या दवाखान्यातली सिस्टर वही आणि चालण्याचं माप हे दोन धडे शिकू शकणार नाही, असं म्हणायला मला कारण दिसत नाही. हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधत फिरण्याऐवजी तो हाती घ्यावा.

हे पुस्तक क्रमाने वाचायची सक्ती नाही. डॉक्टरांनी वेदनेच्या शरीरशास्त्रावरचं प्रकरण खुशाल गाळावं, ते त्यांना येतं. पेशंटशी बोलावं कसं, त्याचं प्रकरण मात्र गाळू नये. घरच्यांनी झोपेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. जो स्वतः दुखण्यात आहे त्याने एका बैठकीत चार पानांहून जास्त वाचू नये, आणि मन फारच खचलं असेल तर पुस्तक बाजूला ठेवून सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करावा. तिथे मराठीतून बोलता येतं.