डोथिस्ट्रोमा करपा आणि रेडिआटा पाइन : एका वनरोगाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विसाव्या शतकातील वनलागवडीचा इतिहास प्रायः क्षेत्रफळ व उत्पन्नाच्या आकड्यांत लिहिला गेला. वृक्षरोगांना त्यात बाहेरून कोसळलेल्या आपत्तीचे स्थान मिळते. डोथिस्ट्रोमा करप्याच्या आधारे या दृष्टिकोनाची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वृक्ष व रोग :
रेडिआटा पाइन हा मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मोजक्या ठिकाणांचा व मेक्सिकोच्या दोन बेटांवरील वृक्ष होय. जलद वाढीमुळे दक्षिण गोलार्धात त्याच्या विस्तीर्ण लागवडी झाल्या. डोथिस्ट्रोमा सेप्टोस्पोरम ही बुरशी १९११ मध्ये रशियात प्रथम वर्णिली गेली. पावसाच्या तुषारांबरोबर तिचे बीजाणू पसरतात व ओल्या पानांच्या रंध्रांतून शिरकाव करतात. बुरशीच्या विषामुळे सुईसारख्या पानांवर लाल पट्टे उमटतात, पाने गळतात आणि वाढ खुंटते. रेडिआटाची कोवळी झाडे विशेष बळी पडतात. सुमारे १५ वर्षांनंतर त्यांच्यात बहुधा प्रतिकारक्षमता येते.

दोन देश, दोन निर्णय :
१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टांगानिकात व त्यानंतर केनियात हा रोग बळावला. केनियाने रेडिआटाची लागवड सोडून दिली आणि पॅटुला पाइन व सायप्रसकडे मोर्चा वळविला. न्यूझीलंडमध्ये १९६४ मध्ये रोगाची नोंद झाली. तेथे १९२० व १९३० च्या दशकांपासून वनउद्योगाची उभारणीच या एका वृक्षावर झाली असल्याने माघार शक्य नव्हती. १९६६ पासून विमानांतून ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी सुरू झाली. विरळणी व छाटणीने लागवडीतील दमटपणा कमी करण्यात आला. पुढे प्रतिकारक्षम वाणांची पैदास झाली. बुरशी तीच, वृक्षही तोच. परंतु त्या वृक्षावर देश किती विसंबून होता, यावरून परिणाम ठरला.

अलीकडील अनुभव :
रोग केवळ परदेशी वृक्षांपुरता मर्यादित राहिला नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात स्थानिक लॉजपोल पाइनच्या लागवडींत तो इतका उग्र झाला की प्रौढ झाडेही मेली. २००५ च्या एका अभ्यासाने त्याचा संबंध उन्हाळी पावसाच्या वाढीशी जोडला. त्या प्रदेशात लॉजपोलची लागवडही मोठ्या प्रमाणावर झाली होती, हे येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
बुरशी निसर्गातील असली तरी तिच्या साथीला अनुकूल भूमी मानवी निर्णयांनी सिद्ध केली, असे या इतिहासावरून म्हणता येते. न्यूझीलंडच्या लागवडीखालील वनांत आजही सुमारे ९० टक्के वाटा रेडिआटाचा आहे. तेथे बुरशीचा एकच प्रजननप्रकार आढळला आहे. दुसरा आल्यास लैंगिक पुनरुत्पादनातून नवे, अधिक घातक प्रकार संभवतात. म्हणून रोगावरील नियंत्रण म्हणजे धोक्याची समाप्ती नव्हे. वृक्षाची निवड करतानाच रोगाचा विचार होणे, हाच या इतिहासाचा बोध होय.