एका शिताची साक्ष

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. घरात ती जमते, कारण तांदूळ कुठला, पाणी किती घातले, चुलीवर ठेवून किती वेळ झाला, हे रांधणाऱ्याला आधीच ठाऊक असते. औषधाच्या चाचणीचा निकाल वाचताना मात्र आपण आधी ठाऊक असलेले विसरून जातो. त्याविषयीची एक हकिकत मला आज सांगायची आहे.

स्कॉटलंडच्या ईशान्येला ग्रॅम्पियन हा भाग आहे. तिथली खेडी ॲबर्डीनच्या रुग्णालयांपासून मैलोगणती दूर. हृदयविकाराचा झटका आला, की रुग्ण शहरात पोचेपर्यंत मोलाचा वेळ जाई. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन गावच्या डॉक्टरने घरीच दिले तर? या चाचणीचा निकाल १९९२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. घरी इंजेक्शन मिळालेल्या १६३ रुग्णांपैकी तीन महिन्यांत १३ दगावले. रुग्णालयात मिळालेल्या १४८ पैकी २३. म्हणजे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे! संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीलाही हा निकाल उतरला.

त्याच वर्षी स्टुअर्ट पोकॉक आणि डेव्हिड स्पीगलहाल्टर या संख्याशास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात पत्र लिहून हा निकाल पुन्हा तोलून दाखवला. तराजू होता थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा. बेझ १७६१ मध्ये वारला. त्याचा निबंध रिचर्ड प्राइस या मित्राने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आणला. त्याचे सार असे, की नवा पुरावा आला म्हणून जुना अंदाज फेकून देऊ नये आणि त्याला चिकटूनही बसू नये. पुराव्याचे वजन असेल तेवढाच तो सरकवावा.

इथे जुना अंदाज, इतर चाचण्या पाहता, १५ ते २० टक्के फायद्याचा होता. फायदाच नसणे किंवा तो ४० टक्के असणे, दोन्ही अवघडच. नवा पुरावा अवघ्या ३६ मृत्यूंचा. दोन्ही एकत्र तोलल्यावर उत्तर आले २४ टक्के. खरा आकडा शून्यापासून ४३ पर्यंत कुठेही असू शकेल, या पुस्तीसह. पुढे २००० मध्ये सहा चाचण्यांतील ६,४३४ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा फायदा निघाला सुमारे १७ टक्के.

औषध खोटे नव्हते, पहिला आकडा फुगलेला होता. या इंजेक्शनाने रक्तस्रावाचाही धोका असतो. तो पत्करायचा की नाही, हे ठरवताना 'निम्मे' आणि 'सहावा हिस्सा' यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

यावर जुना आक्षेप आहे: आधीचा अंदाज ठरवणार कोण? तो पूर्वग्रह नव्हे कशावरून? मला वाटते, अंदाज प्रत्येकाच्या मनात असतोच. बेझची रीत तो कागदावर मांडायला लावते, म्हणून त्यावर वाद घालता येतो. मनातल्या मनात राहिलेल्या अंदाजाशी वाद तरी कसा घालणार?

तेव्हा नव्या औषधाने मृत्यू निम्म्यावर आल्याची बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. किती जणांवरून हे ठरले? आणि त्याआधी काय ठाऊक होते?